दप्तर कोणाच्या हाती?

आयर्लंडच्या संसदेने २००२ साली एक कायदा केला. कॅथलिक धर्मसंघांनी चालवलेल्या औद्योगिक शाळांत (म्हणजे गरीब, निराधार मुलांना ठेवण्याच्या निवासी शाळांत), सुधारगृहांत आणि अनाथालयांत ज्यांचे लहानपण गेले, तिथे ज्यांनी मारहाण, उपासमार आणि लैंगिक अत्याचार सोसले, त्यांना सरकारी तिजोरीतून भरपाई देण्याची तरतूद त्या कायद्यात होती. त्याच कायद्याच्या २८व्या कलमात आणखी एक गोष्ट होती. भरपाईसाठी केलेल्या अर्जाविषयी किंवा मिळालेल्या रकमेविषयी, ज्यावरून एखादी व्यक्ती किंवा संस्था ओळखू येईल अशी माहिती प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरवण्यात आला आणि त्याला २५,००० युरोपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा ठेवण्यात आली. भरपाई घेणाऱ्या १५,००० हून अधिक माणसांवर हे बंधन आले. सरकारचे म्हणणे असे की, बालपणीचे अनुभव सांगायला कोणालाही मनाई नाही. मनाई आहे ती अर्जाच्या आणि निवाड्याच्या तपशिलाची. पण ज्याला त्या शाळेत धड लिहा-वाचायलाही शिकवले गेले नाही असा, उतारवयाला लागलेला माणूस ‘दंड’ आणि ‘कैद’ हे शब्द ऐकतो, तेव्हा तो कलमाचा बारकावा तपासत बसत नाही. तो गप्प बसतो.

आयर्लंडमधील कॅथलिक संस्थांत झालेल्या अत्याचारांविषयी गेल्या पंचवीस वर्षांत जे काही झाले, त्याचा विचार करताना मला हे कलम पुन्हा पुन्हा आठवते. या काळात चार-पाच मोठे चौकशी अहवाल आले, तीन पंतप्रधानांनी देशाच्या वतीने माफी मागितली, अब्जावधी युरो खर्च झाले. जगात फार थोड्या देशांनी आपल्या भूतकाळावर इतकी शाई खर्च केली असेल. तरीही ज्यांच्यासाठी हे केले गेले, त्यांच्यातल्या कित्येकांना न्याय मिळाल्यासारखे वाटत नाही. याचे कारण पैशांच्या अपुरेपणात नाही, असे माझे मत आहे. जे राज्य स्वतः या प्रकरणातील एक पक्षकार होते, त्यानेच साक्षीची किंमत ठरवली, नोंदींचे दप्तर आपल्या आणि धर्मसंघांच्या हाती ठेवले आणि पीडितांना अर्जदाराच्या खुर्चीत बसवले. ही मांडणी मोडल्याशिवाय पुढची कोणतीही माफी आधीच्या माफीहून वेगळी ठरणार नाही.

‘संक्रमणकालीन न्याय’, म्हणजे जुन्या राजवटीतल्या अन्यायांचा हिशेब नंतरच्या राज्याने करणे, ही संकल्पना मुळात लष्करी राजवटींच्या आणि वंशभेदी सत्तांच्या पतनातून आली. अर्जेंटिनात १९८३ मध्ये लष्कर पायउतार झाले तेव्हा बेपत्ता केलेल्या माणसांचा शोध घेण्यासाठी आयोग नेमला गेला. चिलीने १९९० मध्ये आणि दक्षिण आफ्रिकेने १९९५ मध्ये तोच मार्ग वेगवेगळ्या रीतीने अवलंबला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत सत्य, न्याय, भरपाई आणि पुनरावृत्ती न होण्याची हमी असे तिचे चार आधार मानले गेले. आयर्लंडला ही संकल्पना लावण्यावर एक आक्षेप घेतला जातो. तिथे कोणती राजवट कोसळली? निवडणुका होत होत्या, न्यायालये चालू होती, वृत्तपत्रे निघत होती. मग संक्रमण कशातून कशाकडे झाले? आक्षेप वरवर रास्त वाटतो, पण तो लोकशाहीची व्याख्या मतपेटीपुरती करतो. धर्मभगिनी चालवत असलेल्या ‘मॅग्डलेन लॉन्ड्री’ नावाच्या धुलाईगृहात खटला न चालवता, मुदत न सांगता कोंडलेल्या बाईसाठी, किंवा गरिबीच्या कारणाने न्यायाधीशाने सोळाव्या वर्षापर्यंत औद्योगिक शाळेत धाडलेल्या मुलासाठी, बाहेरची लोकशाही अस्तित्वातच नव्हती. त्यांच्यावर एक राजवट होती. फक्त तिच्याकडे रणगाडे नव्हते.

आपल्याकडे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शिकवले जाते की, भारतीय राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतली आहे. ते खरेच आहे. पण त्याच आयरिश घटनेच्या ४४व्या कलमात बहुसंख्य नागरिकांच्या श्रद्धेची राखणदार म्हणून कॅथलिक चर्चचे ‘विशेष स्थान’ मान्य केले होते, ही गोष्ट आपण सहसा वाचत नाही. ती तरतूद १९७२ मध्ये सार्वमताने काढून टाकण्यात आली. घटनेतले हे शब्द बहुतांशी प्रतीकात्मक होते असे म्हणतात. कारभार मात्र प्रतीकात्मक नव्हता. १९२२ मध्ये जन्मलेल्या नव्या राज्याकडे पैसा कमी होता, आणि शाळा, रुग्णालये, अनाथालये चालवायला धर्मसंघ तयार होते. राज्याने इमारतीतल्या प्रत्येक मुलामागे ठरावीक रक्कम द्यायची आणि आत काय चालते याकडे फारसे पाहायचे नाही, असा तो व्यवहार होता. मुलांची संख्या घटली तर संस्थेचे उत्पन्न घटणार. अशा व्यवस्थेत मूल घरी परतावे यात कोणाचाच आर्थिक लाभ नव्हता.

लॉन्ड्र्यांचे गणित याहून उघड होते. चार धर्मभगिनी-संघांच्या दहा लॉन्ड्र्या १९२२ नंतर चालू होत्या आणि त्यांतली शेवटची, डब्लिनच्या शॉन मॅकडरमॉट रस्त्यावरची, १९९६ मध्ये बंद झाली. सुमारे १०,००० स्त्रिया आणि मुली या काळात त्यांतून गेल्या. त्यांचे केस कापले जात, नावे बदलली जात, आणि हॉटेले, रुग्णालये, लष्कर, सरकारी खाती यांचे कपडे त्यांच्याकडून विनावेतन धुऊन घेतले जात. कोणी पळून गेलीच तर पोलीस तिला परत आणून सोडत. २०१३ च्या सरकारी अहवालाने मान्य केले की, ज्यांच्या दाखल होण्याचा मार्ग कळू शकला अशा चौथ्या भागाहून अधिक प्रकरणांत राज्ययंत्रणेचा हात होता. तोवर सरकारची भूमिका अशी होती की, या खाजगी संस्था होत्या आणि बायका आपणहून तिथे गेल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने २०११ मध्ये चौकशीची शिफारस केली नसती, तर ती भूमिका आणखी किती वर्षे टिकली असती, कोण जाणे.

आणि इथेच दप्तराचा प्रश्न येतो. त्या अहवालासाठी धर्मसंघांनी आपल्या नोंदवह्या समितीला पाहू दिल्या. काम संपल्यावर मूळ कागद संघांकडे परत गेले. आज ज्या बाईची आई लॉन्ड्रीत वारली, तिने आईच्या प्रवेशाची नोंद पाहायची म्हटले, तर तिला ज्या संघाने आईला कोंडले त्याच्याच दारावर जावे लागते. १९९३ मध्ये डब्लिनच्या हाय पार्क येथील लॉन्ड्रीच्या धर्मभगिनींनी जमिनीचा एक तुकडा विकला, तेव्हा तिथल्या दफनभूमीतून १३३ मृतदेह हलवण्याची परवानगी मागितली गेली. खोदताना आणखी २२ देह सापडले. कित्येकींचे मृत्यूचे दाखले नव्हते, काहींची पूर्ण नावेसुद्धा नव्हती. अशा परिस्थितीत फौजदारी चौकशी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात त्या देहांचे दहन करून अस्थी ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत एकत्र ठेवण्यात आल्या. दहनानंतर ओळख पटवण्याचा मार्गही उरला नाही. मला ही घटना संपूर्ण प्रकरणातील सर्वांत बोलकी वाटते. इथे कोणी सत्य दडवण्याचा कट रचला असेल असे मी म्हणत नाही. त्या बायकांविषयी काही शोधण्यासारखे आहे असेच कोणाला वाटले नाही, हे अधिक भयंकर आहे.

ट्युअमचे नाव आता जगाला माहीत झाले आहे. गॅलवे परगण्यातील या गावात बों सकूर संघाच्या धर्मभगिनी १९२५ ते १९६१ या काळात कुमारीमातांसाठी वसतिगृह चालवत होत्या. इमारत परगण्याच्या कौन्सिलची होती. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहास अभ्यासणाऱ्या गृहिणीने तिथे मरण पावलेल्या मुलांच्या दफनाच्या नोंदी शोधल्या. ७९६ मुलांचे मृत्यू नोंदलेले सापडले, दफनाची नोंद मात्र कुठल्याच दफनभूमीत सापडली नाही. २०१४ मध्ये ही बातमी सर्वत्र गेली, आणि मार्च २०१७ मध्ये चौकशी आयोगाने जाहीर केले की, सांडपाण्याच्या व्यवस्थेशी संबंधित दिसणाऱ्या एका भूमिगत बांधकामाच्या वीस कप्प्यांपैकी किमान सतरा कप्प्यांत लहान मुलांचे अवशेष आहेत. या कथेतला एक तपशील नेहमी निसटतो. कॉर्लेसबाईंनी जी नावे काढली ती कोणत्याही गुप्त पेटीतून काढलेली नव्हती. ती राज्याच्याच मृत्युनोंदणी कार्यालयात होती; एक-एक मूल मेले तसतशी ती तिथे लिहिली गेली होती. राज्याला संख्या कळू शकत नव्हती असे नाही. ती कोणी बेरजेत मांडली नव्हती. ती बेरीज शेवटी एका सामान्य बाईने, स्वतःच्या वेळात, स्वतःच्या खर्चाने केली.

कुमारीमातांच्या वसतिगृहांविषयीच्या त्या चौकशी आयोगाचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ३,००० पानांच्या या दस्तऐवजाने अठरा संस्थांचा अभ्यास केला; त्यांतून सुमारे ५६,००० माता आणि ५७,००० मुले गेली होती आणि सुमारे ९,००० मुले दगावली होती. म्हणजे साधारण शंभरातली पंधरा. पंतप्रधान मिहॉल मार्टिन यांनी दुसऱ्याच दिवशी संसदेत माफी मागितली. पण अहवाल उघडून आपली साक्ष शोधणाऱ्या स्त्रियांना धक्का बसला. सुमारे ५५० जणांनी आयोगाच्या गोपनीय समितीपुढे आपली कहाणी सांगितली होती. आयोगाच्या एका सदस्येने जून २०२१ मध्ये एका अभ्यासकांच्या बैठकीत सांगितले की, ही कथने शपथेवर दिलेली नव्हती, म्हणून ती पुराव्यासारखी धरता आली नाहीत. शपथ घेण्याची सोय ज्यांना दिली गेली नाही, त्यांचेच बोलणे शपथेअभावी हलके ठरले. बाळ दत्तक देण्यासाठी आपल्यावर जबरदस्ती झाली असे अनेक मातांनी सांगितले होते. तसा फारसा पुरावा नाही, असा निष्कर्ष अहवालाने काढला. वरून त्या कथनांचे ध्वनिमुद्रण पुसून टाकण्यात आले होते. आरडाओरड झाल्यावर ते राखीव प्रतींतून पुन्हा मिळवण्यात आले. डिसेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयात राज्याला मान्य करावे लागले की, अहवालात ओळखू येतील अशा स्त्रियांना मसुदा आधी न दाखवून आयोगाने कायद्याने घालून दिलेले कर्तव्य पाळले नव्हते. अहवाल मात्र आहे तसाच राहिला.

या अहवालाचा सर्वांत चर्चित निष्कर्ष असा की, या स्त्रियांना मिळालेल्या कठोर वागणुकीची जबाबदारी मुख्यतः त्यांच्या मुलांच्या बापांवर आणि त्यांच्या जवळच्या कुटुंबीयांवर येते. राज्याने आणि चर्चने त्या वागणुकीला साथ दिली, हातभार लावला. या युक्तिवादाला मी गांभीर्याने घेतो, कारण त्यात काही खरे आहे. बापाने मुलीला घराबाहेर काढले, भावाने तिचे नाव घेणे टाकले, गावाने पाठ फिरवली, हे घडले. शिवाय अशा प्रकरणांत सगळे खापर पोपवर आणि बिशपांवर फोडून समाज स्वतःला मोकळा करून घेतो, हेही खरे. पण समाज दोषी आहे असे म्हणताना दोषाच्या प्रती सगळ्यांना सारख्या वाटल्या जातात आणि मग कोणाच्याच वाट्याला काही उरत नाही. घरच्यांनी मुलीला दारात आणून सोडले. त्या दाराला आतून कुलूप कोणी लावले? अनौरस मुलाला कायद्यात कमी दर्जा कोणी ठेवला? बालमृत्यूंचा दर देशाच्या सरासरीच्या कितीतरी पट असल्याचे आकडे कोणाच्या फायलीत पडून होते? लाज ही समाजाने निर्माण केली असेल, पण लाजेचे संस्थेत रूपांतर करण्यासाठी इमारत, अनुदान, नोंदवही आणि पोलीस लागतात. ते बापाकडे नव्हते.

धर्मभगिनींविषयीही एक शब्द लिहिणे मला गरजेचे वाटते, कारण वसईपासून गोव्यापर्यंत मराठी आणि कोकणी बोलणाऱ्या अनेक घरांतल्या मुली आजही त्या वाटेने जातात आणि त्यांनी चालवलेल्या दवाखान्यांचे ऋण आपल्यातल्या अनेकांवर आहे. आयर्लंडमधील कित्येक धर्मभगिनी स्वतः अठरा-वीस वर्षांच्या, गरीब घरातून आलेल्या, आज्ञाधारकतेच्या व्रताने बांधलेल्या होत्या. त्यांना राक्षस ठरवणे सोपे आहे आणि निरुपयोगी आहे. प्रश्न व्यक्तींच्या सद्‌गुणाचा नाही. संघ ही कायद्याने उभी असलेली, जमिनी आणि ठेवी असलेली, वकील लावू शकणारी संस्था आहे, आणि तिने त्या शक्तीचा उपयोग कसा केला ते कागदावर आहे. ख्रिश्चन ब्रदर्स या संघाने न्यायालयात दाद मागून २००४ मध्ये बालअत्याचार आयोगाकडून आपल्या आरोपित सदस्यांची नावे न छापण्याची हमी मिळवली. म्हणून त्या आयोगाच्या २००९ च्या रायन अहवालात, मुलग्यांच्या संस्थांत लैंगिक अत्याचार सर्रास चालत असा निष्कर्ष असूनही, अत्याचार करणारे टोपणनावांनी वावरतात. त्या आयोगाच्या पहिल्या अध्यक्षा न्यायमूर्ती मेरी लॅफॉय यांनी २००३ मध्ये राजीनामा दिला, तो सरकार आणि विशेषतः शिक्षण खाते सहकार्य करत नाही असे सांगून. दोन्ही पक्षकार एकाच दिशेला ओढत होते.

पैशांविषयी थोडक्यात. २००२ मध्ये सरकारने धर्मसंघांशी करार केला. संघांनी १२८ दशलक्ष युरो रोख आणि मालमत्तेच्या रूपात द्यायचे, बदल्यात पुढच्या दाव्यांची जबाबदारी राज्याने उचलायची. एकूण खर्च पुढे सुमारे दीड अब्ज युरोंवर गेला. लॉन्ड्र्यांच्या भरपाई योजनेत चारही संघांनी एक पैसाही दिला नाही. कुमारीमातांच्या वसतिगृहांसाठी २०२४ मध्ये सुरू झालेल्या योजनेत संबंधित संघांपैकी फक्त दोघांनी काही देऊ केले. त्याच योजनेतून, ज्या मुलांनी तिथे सहा महिन्यांपेक्षा कमी काळ काढला ती वगळण्यात आली आहेत. आईपासून मूल तोडले जाण्याची हानी दिवसांत कशी मोजायची, हे मला कळलेले नाही. पाचव्या महिन्यात अनोळखी घरी पाठवलेल्या मुलाची आई सातव्या महिन्यात पाठवलेल्या मुलाच्या आईइतकीच हरवलेली असते.

गोपनीयतेच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद मात्र मी बाजूला सारू शकत नाही. अनेकांनी आयोगापुढे जे सांगितले ते आपल्या पतीला किंवा मुलांनाही सांगितलेले नव्हते. त्यांना शब्द दिला गेला होता की हे बाहेर जाणार नाही. २०१९ मध्ये सरकारने याच कारणाने बालअत्याचार आयोगाचे आणि भरपाई मंडळाचे दप्तर किमान ७५ वर्षे बंद ठेवण्याचे विधेयक आणले. पीडितांच्या संघटनांनी आणि इतिहासकारांनी त्याला विरोध केला आणि ते मंजूर होऊ शकले नाही. त्या विधेयकाची खोट अशी होती की, गोपनीयता ज्याची, निर्णय त्याचा, हे साधे तत्त्व त्यात नव्हते. ज्या बाईला आपले कथन बंद ठेवायचे असेल तिचे बंद राहावे. जिला ते आपल्या नातवंडांना द्यायचे असेल तिला ते मिळावे. राज्याने दोघींनाही न विचारता एकच कुलूप लावायचे ठरवले, आणि त्या कुलपाआड मंत्रालयांचा पत्रव्यवहार, निरीक्षकांचे शेरे, संघांची पत्रेही आपोआप जाणार होती. त्या कागदांना कोणतीही खाजगी वेदना जपायची नाही. ते सार्वजनिक कारभाराचे कागद आहेत. जस्टिस फॉर मॅग्डलेन्स रिसर्च या गटाने स्वतः पुढाकार घेऊन लॉन्ड्र्यांतील स्त्रियांची कथने त्यांच्या संमतीने नोंदवली आणि अभ्यासकांना खुली केली; म्हणजे पीडितेचा मान राखून सत्य उघडे ठेवता येते, हे एका स्वयंसेवी गटाने करून दाखवले आहे. २०२२ च्या कायद्याने दत्तक दिलेल्यांना आपला जन्मदाखला मिळण्याचा हक्क दिला, तेव्हाही आधी असेच भय घालण्यात आले होते की माता उघड्या पडतील. कित्येक माताच त्या हक्कासाठी भांडत होत्या.

ट्युअमचे उत्खनन जुलै २०२५ मध्ये सुरू झाले. पहिले अवशेष सापडल्याचे जाहीर झाल्यापासून आठ वर्षे गेली होती. त्यासाठी २०२२ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, आणि आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसमध्ये युद्धात बेपत्ता झालेल्यांचा शोध घेण्याचे काम केलेल्या माणसाला प्रमुख नेमावे लागले. नातलगांचे जनुकीय नमुने घेतले जात आहेत. ते देणारी बहीण-भावंडे बहुतेक सत्तरीच्या पुढची आहेत. ज्या देशाला हाय पार्कच्या १५५ जणींचे दहन करायला अडचण वाटली नव्हती, तो तीस वर्षांनंतर हाडाचा एकेक तुकडा चाळतो आहे. हा बदल खरा आहे, आणि तो ज्यांनी घडवला त्यांत मंत्र्यांपेक्षा कॉर्लेसबाईंचा आणि पीडितांच्या संघटनांचा वाटा मोठा आहे.

आता आणखी एक चौकशी उभी राहिली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या प्राथमिक अहवालानुसार धर्मसंघांनी चालवलेल्या ३०८ शाळांतून लैंगिक अत्याचाराचे २,३९५ आरोप आणि ८८४ आरोपित व्यक्ती नोंदल्या गेल्या, आणि त्यानंतर कायदेशीर अधिकार असलेला आयोग नेमण्यात आला. याही आयोगापुढे साठी-सत्तरीतले लोक येतील आणि पन्नास वर्षे न बोललेले बोलतील. त्याच्या अहवालाची पाने किती होतील, कोणता पंतप्रधान कोणत्या शब्दांत माफी मागेल, हे मी आत्ता पाहत नाही. पहिली साक्ष होण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी ठरल्या पाहिजेत. जो शपथेवर बोलू इच्छितो त्याला शपथ मिळावी. शाळांचे आणि संघांचे मूळ कागद, किंवा त्यांच्या प्रमाणित प्रती, काम संपल्यावर संघांच्या कपाटात परत न जाता राष्ट्रीय अभिलेखागारात जाव्यात. आणि साक्ष देणाऱ्याला, तो खोलीतून बाहेर पडताना, त्याच्याच शब्दांची एक प्रत हातात मिळावी. तिचे काय करायचे ते त्याने ठरवावे.